मशीनखालची बादली

झाडांचं काम माझ्याकडे आलं ते मी बाई आहे म्हणून. नवे साहेब रुजू झाले आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की ऑफिस सुंदर दिसलं पाहिजे, प्रत्येक टेबलावर एक झाड पाहिजे. मग सगळ्यांवरून फिरवलेली नजर त्यांनी माझ्यावर आणून थांबवली. मॅडमना आवड असेलच, असं ते म्हणाले. मला आवड नव्हती. माझ्याकडे आस्थापना होती, सेवापुस्तकं होती, माहिती अधिकाराच्या अर्जांचा गठ्ठा होता. पण मी हो म्हणाले. माझ्या रागाला एक वाईट खोड आहे. वरच्या माणसापुढे तो मुकाट बसतो आणि खालच्या माणसावर निघतो. पुढचं सगळं त्या खोडीमुळे झालं, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

मी बुलढाण्याची. ऑफिस घाटाखाली, तालुक्याच्या गावात. रोज सकाळची बस, राजूर घाटाची वळणं, खाली पोचलं की खिडकीतून अंगावर येणारी झळ. घाटावरून खाली येणारे आम्ही सगळे नोकरदार आपापली पाण्याची बाटली घेऊन येतो. खालचं पाणी मचूळ असतं, पोटाला सोसत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगतो. माझी बाटली दोन लिटरची, चहाचा थर्मास वेगळा. दोन वर्षं मी त्या ऑफिसात जात होते आणि त्या गावच्या पाण्याचा एक घोटही घेतला नव्हता. याचा मला थोडा अभिमानच होता.

देऊळघाटच्या रस्त्यावर एक रोपवाटिका आहे. तिथून बावीस कुंड्या आणल्या. मनीप्लांट, स्नेक प्लांट, पामची झाडं, आणि नाव लक्षात न राहणारं एक गुलाबी ठिपक्यांचं. ऑफिसच्या टेबलांवर ती ठेवली तेव्हा खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. जुन्या फायलींच्या वासात काहीतरी हिरवं दिसत होतं. प्रश्न पाण्याचा होता. ऑफिसातली बोअर खारट, तिच्या पाण्यानं फरशी पुसली तरी पांढरे डाग राहायचे. एवढं मला माहीत होतं, म्हणून बोअरचं पाणी झाडांना घालायचं नाही असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं. पिण्याच्या पाण्यासाठी व्हरांड्यात शुद्धीकरणाचं मशीन होतं. ते चालू असलं की मागच्या बारीक नळीतून पाण्याची धार सतत मोरीत जायची.

ती धार मला बघवेना. आमच्या घरी लहानपणी नळ दहा-बारा दिवसांनी यायचा. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपडे खळबळलेलं पाणी संडासात, अशी आईची शिस्त होती. नळाखाली मोकळा हात धरला तरी ती ओरडायची. अशा घरात वाढलेल्या माणसाला वाहतं पाणी दिसलं की त्याखाली भांडं ठेवल्याशिवाय राहवत नाही. मी मशीनच्या नळीखाली एक निळी बादली ठेवली. मशीनमधून आलेलं पाणी, स्वच्छ, नितळ, आणि फुकट. साहेब इतके खूश झाले की त्यांनी बादलीचा फोटो काढला. सुंदर कार्यालयाच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याहून तपासणी समिती येणार होती, तिच्यापुढे दाखवायच्या सादरीकरणात ‘पाण्याचा पुनर्वापर’ म्हणून एक पान झालं आणि त्यावर माझी बादली.

झाडांना पाणी घालण्याचं काम मावशींचं. मावशी म्हणजे आमच्या ऑफिसच्या सफाईच्या बाई. ठेकेदाराकडून लागलेल्या, पण ठेकेदार बदलले तरी नऊ वर्षं त्याच. नवरा पायानं अधू, घर त्यांच्या पगारावर, आणि मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती पास होईपर्यंत हे काम टिकावं एवढंच त्यांचं मागणं होतं, ते त्या येताजाता कोणालाही सांगायच्या. मी त्यांना बादली दाखवली आणि बजावलं की हे पाणी फक्त झाडांना, थेंबभरही मोरीत जाता कामा नये. त्या बादलीत बघत उभ्या राहिल्या.

“मॅडम, हे पानी झाडाईले चालत नाई,” त्या म्हणाल्या.

मी एक पत्र टाईप करत होते. मान वर न करता म्हटलं, मशीनचं आहे, बोअरचं नाही, घाला. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

तीन आठवड्यांत पानांची टोकं जळायला लागली. कोणी उदबत्ती टेकवल्यासारखी करपट, तपकिरी टोकं. मग कडा, मग पूर्ण पान. मी मोबाईलवर शोधलं. कुठे लिहिलं होतं पाणी जास्त होतंय, कुठे पाणी कमी पडतंय, कुठे ऊन लागतंय, कुठे ऊन मिळत नाहीये. मी सगळं केलं. कुंड्या खिडकीशी नेल्या, परत आणल्या. पाणी एक दिवसाआड केलं, मग रोज केलं. मातीवर पांढरी बुरशीसारखी साय धरायला लागली, ती खरवडून काढली तर चार दिवसांत पुन्हा आली. गुलाबी ठिपक्यांची तिन्ही झाडं एकाच आठवड्यात गेली. शेजारच्या टेबलावरचे लिपिक म्हणाले की नजर लागली असेल, मिरच्या ओवाळा. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण ते माझ्याहून ज्येष्ठ, त्यामुळे मी हसले.

तपासणी महिनाअखेरच्या सोमवारी, असं पत्र आलं तेव्हा हातात तीन आठवडे होते आणि सहा कुंड्या रिकाम्या होत्या. साहेब रोज सकाळी फेरी मारायचे. रिकाम्या कुंडीपाशी थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बसमधून घाट उतरताना मी मनात झाडं मोजायला लागले. आज कोणतं गेलं असेल, एवढाच विचार.

एके दुपारी मी जेवून हात धुवायला गेले, तर मावशी निळी बादली मोरीत उपडी करत होत्या. निम्मी बादली गेली होती. मी विचारलं हे काय, तर त्या म्हणाल्या की भरून सांडत होती. माझा पारा असा चढला की व्हरांड्यात कामासाठी आलेली माणसं उभी आहेत याचंही भान राहिलं नाही. पाणी कशाला म्हणतात ते तुम्हाला माहीत नाही का, झाडं मरतायत आणि तुम्ही पाणी ओतून देता, असं बरंच बोलले. मावशींनी बादली सरळ करून नळीखाली ठेवली. त्यांचं ते गप्प बसणं मला गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं. चार दिवसांनी मी त्यांना पुन्हा तेच करताना पाहिलं. आता मला सगळं जुळवता आलं. पाणी ओतून देतात, आणि काम उरकायला फरशी पुसलेलं पावडरचं पाणी कुंड्यांत टाकतात. मातीवरची पांढरी साय म्हणजे ती पावडर. मी हे पाहिलं नव्हतं, पण मला त्याची खात्री झाली होती.

त्याच संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी घाबरले. घाबरले की माणूस पटकन दुसऱ्याकडे बोट दाखवतो, मी तेच केलं. पाणी घालणारंच माणूस निष्काळजी असेल तर मी काय करणार, असं म्हटलं. साहेब म्हणाले, लेखी द्या. टिपणी लिहिण्यात माझा हात कोणी धरत नाही. मी तीन मुद्दे लिहिले. सदर महिला झाडांसाठी साठवलेलं पाणी मोरीत ओतून देतात. कुंड्यांमध्ये फरशी पुसलेलं पाणी टाकत असल्याचं दिसून येतं. वारंवार तोंडी समज देऊनही सुधारणा नाही. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला फोन गेला. पहिल्या तारखेपासून नवीन बाई येईल, तोवर शिपाई झाडून घेतील, मावशींनी उद्यापासून यायचं नाही.

मावशींनी पोछा धुवून वाळत घातला, भांडाराची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मुलीच्या परीक्षेला दोन महिने उरले होते, हे मला माहीत होतं. मागच्या जिन्याखाली माझं एक झाड आहे, मग येऊन नेईन, एवढं सांगून गेल्या. मी हो म्हटलं आणि विसरले.

मग पाणी मी घालायला लागले. स्वतःच्या हातानं, रोज सकाळी, पर्स टेबलावर ठेवायच्या आधी. निळ्या बादलीतून प्रत्येक कुंडीला एक मग, सगळं मोजूनमापून. आता बघाच, असं मी मनात म्हणत होते. आठ दिवसांत आणखी पाच झाडं गेली. आधी आठवड्याला दोन जायची. मी पाणी घालायला लागल्यापासून त्यांचा मरण्याचा वेग वाढला होता, आणि आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. साहेबांनी शुक्रवारी फेरीच मारली नाही. रिकाम्या कुंड्यांत लावायला नवीन झाडं मागवा, एवढा निरोप शिपायाकडून आला.

शनिवारी सुट्टी असूनही आम्हाला बोलावलं होतं. नवीन झाडं आली होती. त्यांच्याखाली ठेवायला ताटल्या हव्या होत्या, म्हणून मी मागच्या जिन्याखाली गेले. तिथे मावशींची जागा होती. खराटा, पोछा, पावडरचा डबा, आणि भिंतीला टेकवलेला तेलाचा अर्धा कापलेला प्लास्टिकचा कॅन. त्यात मनीप्लांट. माझ्याच टेबलावरच्या झाडाच्या, मी छाटून कचऱ्यात टाकलेल्या काड्या त्यांनी लावल्या असाव्यात. तो वेल जिन्याच्या कठड्यापर्यंत चढला होता. माती कोरडी पडून भेगाळली होती, पण एका पानाचंही टोक जळलेलं नव्हतं.

मी बादलीतून मगभर पाणी आणलं. घालणार तेवढ्यात माझा हात थांबला. पावडरचा डबा त्या झाडाला खेटून होता. पुसायचं पाणी कुंड्यांत जात असतं तर सगळ्यात आधी हे झाड मेलं असतं. मी वाकून माती पाहिली. काळी होती, पांढरं काही नव्हतं. मी टेबलापाशी आले, माझ्या मेलेल्या झाडाच्या मातीवरची साय नखानं खरवडली आणि जिभेला लावली. मीठ. मग मगात बोट बुडवून ते चाखलं. वरणात दोनदा मीठ पडावं तसं ते पाणी होतं.

मशीन पाण्यातलं मीठ काढतं. काढलेलं मीठ कुठे जात असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ते मागच्या नळीनं जात होतं, आणि मी त्याखाली बादली ठेवली होती. ‘खारपाणपट्टा’ हा शब्द मी त्या ऑफिसात किती पत्रांत टाईप केला असेल. त्याच पट्ट्यातलं बोअरचं पाणी, मशीननं आणखी खारट केलेलं, मी रोज झाडांना मगानं पाजत होते. आणि मावशी ते चोरून मोरीत ओतत होत्या. माझ्या टिपणीतला पहिला मुद्दा.

मी परत जाऊन जिन्यावर बसले. लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं, पण आधी भीती वाटली. तपासणी परवा, बादली सादरीकरणात, आणि टिपणीवर माझी सही. लाज त्यानंतर आली, आणि आली ती गेलीच नाही. जाताना मी माझ्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्या कॅनमध्ये ओतलं.

साहेबांना मी त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तपासणी होऊ द्या, म्हणाले. आणि मावशींचं काय, असं विचारलं तेव्हा ते संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, “नवीन बाई बुधवारपासून येतेय ना? मग आता ते कशाला उकरून काढता, मॅडम?” ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच म्हणाले असते. म्हणूनच मी वाद न घालता बाहेर आले. रविवारी घरी बसून मी दुसरी टिपणी लिहिली. फाडली, पुन्हा लिहिली, घडी करून पर्समध्ये ठेवली. ती मी देईन याची मला स्वतःलाच खात्री नव्हती.

सोमवारी समिती आली. तिच्या प्रमुख एक बाई होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या, बोलायला सौम्य. नवीन झाडं टेबलांवर चकाकत होती. व्हरांड्यात त्या बादलीपाशी थांबल्या आणि ही कल्पना कोणाची म्हणून विचारलं. साहेबांनी माझं नाव सांगितलं. वा, असं त्या म्हणाल्या. मला तिथेच बोलायचं होतं. मी म्हणाले, थँक यू मॅडम. माझ्या तोंडून हे शब्द कसे निघाले ते मला आजही कळत नाही.

त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि एका कुंडीपाशी वाकल्या. कुंडी जुनी, झाड नवं. कडेवर पांढरे थर तसेच होते. आधीची झाडं टिकली नाहीत का, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले की सफाईची बाई निष्काळजी होती, पाणी ओतून द्यायची, तिला काढलं आहे. ते वाक्य माझं होतं. माझ्याच कागदावरचं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतकं खोटं वाटलं की मला गप्प राहवेना.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “झाडं या बादलीतल्या पाण्यानं मेली. ते खारट आहे, मी चाखून पाहिलंय. घालायला मीच लावलं होतं. त्या बाई ते ओतून देत होत्या म्हणून काही झाडं इतके दिवस तरी जगली.”

माझा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. सगळे लिपिक आपापल्या टेबलावरून वर बघत होते. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, बादलीकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग माझ्याकडे. हे कुठे लेखी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी पर्स उघडली, आतल्या कप्प्यात शोधलं. शेवटी घडी केलेला कागद मी त्यांच्या हातात दिला.

आमच्या ऑफिसचा नंबर आला नाही. साहेबांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला, तो माझ्या नावावर अजून आहे. आस्थापना काढून मला अभिलेख कक्षात बसवलं. पण माझा कागद समितीच्या फायलीत गेला होता, त्यामुळे पहिली टिपणी रद्द करण्यावाचून साहेबांना गत्यंतर राहिलं नाही. मंगळवारी संध्याकाळी ठेकेदाराला पुन्हा फोन झाला. मावशी येतील की नाही, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. त्या बुधवारइतका लांब तो घाट मला कधीच वाटला नव्हता.

मी पोचले तेव्हा व्हरांडा ओला होता. मावशी मशीनपाशी होत्या. त्यांनी निळी बादली उचलली, मोरीत उपडी केली आणि नळी पुन्हा मोरीत सोडली. मी जवळ जाऊन उभी राहिले. मावशी, माझं चुकलं, एवढंच मला म्हणता आलं. त्यांनी मान हलवली आणि पोछा पिळत राहिल्या. मला तेवढ्यावर सुटायचं नव्हतं. मी विचारलं की ओतताना पाहून मी एवढं बोलले, तेव्हा तरी खरं का नाही सांगितलं.

“सांगतलं होतं न पयल्याच दिशी. तुमी वर पाह्यलं बी नाई.” त्यांनी पोछा बादलीवर ठेवला. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. “आन तुमाले कसं समजीन, मॅडम? तुमी आमच्या गावचं पानी कदी तोंडात घेतलंच नाई.”

मग त्या जिन्याखालून आपलं झाड घेऊन आल्या. माती अजून ओलसर होती, ती त्यांनी बोटानं दाबून पाहिली आणि कोणी टाकलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी, माझ्या बाटलीतलं. बैठका झाल्या की लोकांच्या ग्लासात उरलेलं मशीनचं पाणी त्या या झाडाला घालायच्या, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. नऊ वर्षं त्या रोज सकाळी प्रत्येक टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवत आल्या होत्या. मी आल्यापासून माझं टेबल तेवढं सोडायच्या, कारण पहिल्याच दिवशी मी ग्लास परत पाठवला होता.

मी म्हटलं, मलाही एक द्या. त्यांनी ग्लास विसळला, मशीनच्या तोटीखाली धरून काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. मी पिऊन संपवेपर्यंत त्या समोर उभ्या होत्या. पाणी गोड होतं. दोन वर्षं ते माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं.